दमणला खाल्लेला पाव

माझ्या वडिलांनी आम्हाला परदेश दाखवला तेव्हा मी नऊ वर्षांची होते आणि धाकटा भाऊ सहा वर्षांचा. परदेश म्हणजे दमण. हसू येत असेल तर खुशाल हसा. आमच्या घरात मात्र त्या सहलीवर पुढे कित्येक वर्षं कोणी हसलं नाही.

वडील ठाण्याच्या कलेक्टर कचेरीत कारकून होते आणि बोलण्यापुरते मोठे सुधारक होते. साहेब मडमेला आणि मुलांना घेऊन विलायतेला जाऊन आला, की वडील घरी येऊन लंडनचे रस्ते असे काही वर्णन करत, जणू तिथे रोज सकाळी सडा आईच घालून येत होती. जेवताना त्यांचं एक वाक्य ठरलेलं असे: मुलांना जग दाखवलं पाहिजे. पण जग दाखवायचं तर समुद्र ओलांडायला हवा, आणि समुद्र ओलांडला की जातीबाहेर जायला हवं. एवढी तयारी त्यांची नव्हती. त्यामुळे जग ताटावरच राही आणि ताट उचललं की तेही उचललं जाई.

मग त्यांना दमणचा शोध लागला. कचेरीत त्यांच्या शेजारी ठाण्यातलेच एक ख्रिस्ती कारकून बसत. त्यांच्या मेव्हण्याची दमणला पावाची भट्टी होती. त्यांच्याकडून वडिलांना कळलं, की दमणवर राज्य आपल्या राणीचं नाही, फिरंग्यांच्या राजाचं आहे, आणि तिथे जायला समुद्र ओलांडावा लागत नाही. आगगाडीने वापीला उतरायचं, बैलगाडीने नाक्यापर्यंत जायचं, नाका ओलांडला की परदेश. जात शाबूत आणि जगही पाहून झालं. त्या संध्याकाळी वडील घरी आले ते बूट काढायचं विसरून माजघरापर्यंत आले.

सहलीची घाई होण्याचं दुसरंही कारण होतं. माझं लग्न ठरत होतं.

इथे माझ्या थोरल्या बहिणीबद्दल सांगायला हवं. ताई नवव्या वर्षी कल्याणला एका जुन्या, जमीनजुमला असलेल्या घरात दिली होती. नवरा बिजवर, पहिली बायको बाळंतपणात गेलेली. ताईही बाळंतपणातच गेली. आई गाडी पकडून कल्याणला पोचली तेव्हा सगळं आटोपलं होतं. तिच्या हातात ताईचं एक परकर-पोलक्याचं बोचकं दिलं, कारण ताई त्या घरात अजून अधूनमधून परकरच नेसत असे. वर्षश्राद्ध झालं आणि पुढच्याच महिन्यात तिच्या सासूबाईंचा निरोप आला: मोठी गेली, आता धाकटी द्या, घरचं माणूस घरात राहील. असं करण्याची रीतच होती. लोकांना त्यात त्यांचा मोठेपणा दिसला. वडिलांनाही दिसला.

एकच अडचण होती. पुरुषाचं तिसरं लग्न अशुभ. त्यावरही शास्त्राने तोड काढून ठेवलेली आहे: तिसरं लग्न रुईच्या झाडाशी लावायचं, मग बाईशी लागतं ते चौथं. म्हणजे ज्यांना मी काल-परवापर्यंत भावोजी म्हणत होते, त्यांच्या परसात माझ्यासाठी एक रुई आधीच हेरून ठेवली होती. ती माझी तिसरी सवत होणार होती, आणि तिघींतली एकटीच जिवंत.

मला स्वतःला या लग्नाचं वाईट वाटत नव्हतं, हे खरं तेच लिहिते. ताईची ठुशी मला मिळणार होती. ती गळ्यात घालून आरशात बघायचं, एवढंच लग्न मला कळत होतं. आई काही बोलत नसे. आमच्या घरात बोलणं हे वडिलांचं खातं होतं. फक्त त्या दिवसांत ती माझी वेणी घालायला बसली की घालतच राही. घातलेली सोडून पुन्हा घाली, आणि मी ओरडले तरी उठू देत नसे.

साखरपुडा व्हायच्या आत परदेश उरकायचा, असं वडिलांनी ठरवलं. मात्र सोयऱ्यांना विचारल्याशिवाय पाऊल उचलायची त्यांची छाती नव्हती. म्हणून ते कल्याणला त्या घरच्या उपाध्यायांकडे गेले. उपाध्यायांनी विचार करून सांगितलं, की ज्या भूमीवर काळवीट आपण होऊन हिंडतो ती भूमी शुद्ध. दमणला काळवीट आहे का? माझ्या सुधारक वडिलांनी त्या ख्रिस्ती कारकुनांकरवी दमणला पत्र घालून काळविटाची चौकशी केली. भट्टीवाल्या मेव्हण्याचं उत्तर आलं, की आपण कधी पाहिला नाही, पण गव्हर्नराच्या दिवाणखान्यात भिंतीला एकाची शिंगं लावलेली आहेत. उपाध्यायांनी तेवढ्यावर भूमी शुद्ध ठरवली. अन्नपाण्याचं मात्र तुम्ही सांभाळा, म्हणाले.

अन्नपाणी आईने सांभाळलं. तिने दुधात भिजवलेल्या पिठाच्या टोपलीभर दशम्या केल्या, तिळाची चटणी घेतली आणि फिरकीचा मोठा तांब्या घेतला. आम्ही दादरला गाडी बदलली आणि वापीला उतरलो. बैलगाडीत वडील ताठ बसून आम्हाला सांगत होते, की आता बघा, माणसं बदलतील, हवा बदलेल. नाक्यावर एक शिपाई खाटेवर निजला होता. त्याने एक डोळा उघडून आमची टोपली पाहिली आणि पुन्हा मिटला. वडिलांनी कचेरीतून ओळखीचं पत्र लिहून आणलं होतं, ते तसंच हातात राहिलं.

पुढे आंब्याची झाडं होती. तीच आमच्याकडेही होती. मग कोळणी भेटल्या, डोक्यावर पाट्या. मग वाळत घातलेले बोंबील. आईने पदर नाकाला लावला. मग भाऊ म्हणाला, "बाबा, परदेश कधी येणार?"

दमण तसं वाईट नव्हतं. नदीच्या अलीकडे लहान गाव, पलीकडे मोठं, मधे होडी. आम्ही अलीकडे एका गुजराती ब्राह्मणाच्या धर्मशाळेत उतरलो. दुसऱ्या दिवशी होडीने पलीकडे जाऊन किल्ला पाहिला. नदी ओलांडताना वडिलांनी होडीवाल्याला दोनदा विचारून घेतलं, की ही नदीच ना, खाडी नव्हे? किल्ल्याच्या आत रस्ते सरळ होते, देवळं त्यांच्या देवाची होती, आणि फिरंगी शिपाई आमच्याइतकेच काळे होते. त्यातल्या एकाशी वडील इंग्रजीत बोलले. तो गुजरातीत उत्तरला. वडिलांचा चेहरा इतका पडला, की मला त्यांची दया आली. नंतर त्यांनी आम्हाला सांगितलं, की हे इकडचे शिपाई आहेत, खरे फिरंगी आत असतात. आत म्हणजे कुठे ते कोणी विचारलं नाही.

आईला मात्र ते शहर आवडलं. तटावर चढून ती समुद्राकडे बघत उभी राहिली. ठाण्याला आयुष्य गेलं तरी तिने खाडीच पाहिली होती. तिथे एक काळीसावळी, तांबड्या झग्यातली मुलगी, माझ्या ताईएवढी, दोरीवरून उड्या मारत होती. आई तिच्याकडे फार वेळ बघत राहिली. वडील हाक मारत होते तरी तिला ऐकू गेलं नाही.

भट्टीवाल्या मेव्हण्याकडे जाणं भाग होतं, कारण काळविटाचे उपकार होते. वडील उंबऱ्याबाहेरच उभे राहिले आणि हात जोडून, नम्रपणे, एकेक गोष्ट नाकारत गेले: बसायला खुर्ची नको, सरबत नको, पाणी नको. आमच्याकडे असं असतं, असं ते दरवेळी म्हणत. तो गृहस्थ भला होता. पुन्हा पुन्हा विचारत राहिला. समोरच्या दुकानात कल्याणचा एक तुपाचा व्यापारी सौद्याला आलेला होता. त्यानेही वडिलांना ओळखून रामराम केला. या सगळ्या शिष्टाचारात माझा भाऊ कुठे गेला ते कुणाच्या लक्षात आलं नाही.

तो भट्टीमागे सापडला. दोन्ही गाल फुगलेले आणि हातात अर्धा पाव. आईने त्याच्या तोंडात बोट घालून होतं नव्हतं ते काढलं, पण गेलेलं गेलं होतं. भट्टीवाला ओशाळून म्हणाला, "पोराला भूक लागली व्हती, बाय. मी नाय दिला, त्यानंच घेतला." वडील पांढरेफटक पडले. भाऊ तोंड पुसत म्हणाला, "गोड नाहीये."

मोठ्या समुद्राच्या खाऱ्या पाण्याने त्याला चुळा भरायला लावल्या. मग वडिलांनी आम्हाला तटाखाली उभं करून बजावलं, की कुणी काही खाल्लं नाही. पुढच्या वर्षी त्याची मुंज होती. पाव खाल्लेल्या मुलाची मुंज कोण लावणार, आणि मुंज नाही तर त्या मुलाचं पुढे काय? त्यांचा एकच मुलगा होता. मला त्या वेळी त्यांचा राग नाही आला. राग यायला वेळ होता.

परदेशातली बातमी आमच्या आधी कल्याणला पोचली. तुपाच्या व्यापाऱ्याने तिथे सांगितलं, की ठाण्याच्या कारकुनाच्या पोरांपैकी कुणी तरी पाव खाताना सापडलं. पंधरा दिवसांत ताईच्या सासूबाई उपाध्यायांना घेऊन गाडीने ठाण्याला आल्या. त्या आल्या तेव्हा त्यांनी ठुशी बरोबर आणली होती, हे मी फटीतून पाहिलं. प्रकरण मिटलं तर त्याच बैठकीत बोलणी पक्की करायचा त्यांचा विचार असावा.

वडील म्हणाले, कुणी खाल्लं नाही. उपाध्याय म्हणाले, छान, मग तुळशीला हात लावून सांगा. वडील उठले, अंगणात वृंदावनापर्यंत गेले आणि तिथे उभे राहिले. माझे वडील कसेही असोत, खोटी शपथ त्यांच्याच्याने होईना. हात अर्ध्यावर गेला आणि थांबला. बोलण्यात शूर असलेल्या माणसाची एवढी शांतता मी आधी कधी ऐकली नव्हती. विहीणबाईंनी माझ्या भावाकडे पाहिलं. तो खांबामागे सरकला. आता कुणी एक शब्द जरी विचारला असता, तर तो पोरगा रडला असता आणि सगळं संपलं असतं.

तेव्हा आई मला बरोबर घेऊन दारातून अंगणात आली. परक्या पुरुषासमोर ती कधी येत नसे. डोक्यावरचा पदर सारखा करून तिने तुळशीवर सरळ हात ठेवला. म्हणाली, "पाव मुलीनं खाल्ला. अख्खा. मी डोळ्यांनी पाहिलाय."

मी तोंड उघडलं. आईने दुसऱ्या हाताने माझं मनगट धरलं होतं. तिने ते असं आवळलं, की बांगडी पिचली. मी वडिलांकडे पाहिलं. त्यांना सगळं माहीत होतं. त्यांनी मान खाली घातली आणि ती वर केलीच नाही.

उपाध्याय म्हणाले, याला प्रायश्चित्त आहे, पोर लहान आहे, पंचगव्याने शुद्धी होते. त्यांना सोयरीक मोडायची नव्हती, त्यांचीही त्यात दक्षिणा होती. पण विहीणबाई उठल्या. शास्त्र काय म्हणतं ते शास्त्र जाणे, म्हणाल्या, फिरंग्याचा अख्खा पाव पोटात गेलेली पोर माझ्या देवघरात फिरायची नाही. ठुशीची डबी त्यांनी कनवटीला खोचली. ती पुन्हा माझ्या नजरेला पडली नाही.

प्रायश्चित्त मला मिळालं. गोमूत्र, शेण, दूध, दही आणि तूप, एका पळीत. गोड नव्हतं. ज्याने खाल्लं तो समोर बसून बघत होता आणि हुंदके देत होता. त्याला वाटत होतं की पुढची पळी आपली. पुढच्या उन्हाळ्यात त्याची मुंज थाटात झाली. चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात ते मला त्या वयात पाठ झालं. शेजारच्या बायका आईचं कौतुक करत होत्या, की मुलाचं कल्याण व्हावं म्हणून आपल्या पोरीची अब्रू दिली, आई असावी तर अशी. ते ऐकून मला तिच्या पदराचा वाससुद्धा नकोसा झाला. मी तिच्याशी नीट बोलेनाशी झाले. हे दिवसांचं सांगत नाही, चार-पाच वर्षांचं सांगते आहे.

मला कोणी मागणी घालेना. घरात बसवून तरी काय करायचं, म्हणून वडिलांनी मला मुलींच्या शाळेतच राहू दिलं. लोकांना मात्र सांगत, की स्त्रीशिक्षणाची माझी तत्त्वंच तशी आहेत. माझ्या वर्गातल्या मुली एकेक करून सासरी गेल्या. मी भूगोलाच्या पुस्तकात दमण शोधलं. एक ठिपका होता. तुळशीला पाणी घालायचं काम आईने मला दिलं. त्या बैठकीनंतर ती अंगणात वृंदावनाजवळ कधी गेली नाही, प्रदक्षिणा सोडली, दिवाही मलाच लावायला सांगे. गुडघे दुखतात म्हणायची. जिना मात्र ती दिवसातून वीसदा चढत होती. मला वाटे, ही आळशी झाली, आणि माझ्याकडून कामं करून घेते.

कल्याणला रुईचं लग्न लागलं. रुईवर कुणी पाव खाल्ल्याचा आळ घेतला नव्हता. त्यानंतर त्यांनी टिटवाळ्याकडची एक मुलगी केली, दहा वर्षांची. कल्याणहून कोणीही आलं, की आई आधी तिची चौकशी करी: कशी आहे, अंग धरलं का, माहेरी पाठवतात का. मला त्याचाही राग येई. सोयरीक मोडली तरी हिचं मन तिकडेच आहे, असं मी म्हणे. मग एकदा बातमी आली. ती मुलगीही गेली. आई त्या दिवशी जेवली नाही, आणि दुसऱ्या दिवशीही नाही. वडील म्हणाले, आपल्याला त्यांचं सुतकसुद्धा नाही. आई म्हणाली, नाही ना, म्हणूनच.

ते मला तेव्हाही कळलं नाही. मी पुस्तकी हुशार होते.

मला चौदा वर्षं पूर्ण झाली त्या दिवशी सकाळी आईने मला न्हाऊ घातलं. आमच्याकडे मुलींचे वाढदिवस कोणी करत नसे. मला स्वतःलाही तो लक्षात नव्हता. वडील कचेरीत गेले होते, भाऊ शाळेत. तिने मला स्वयंपाकघरात पाटावर बसवलं, ओवाळलं, आणि मग फळीमागून केळीच्या पानात बांधलेली एक पुडी काढून माझ्यासमोर ठेवली. आत पाव होता. भांडी घासणाऱ्या बाईकरवी तिने तो त्या ख्रिस्ती कारकुनांच्या घरून मागवला होता. आता तो सोवळ्याच्या चुलीपासून हातभर अंतरावर होता.

मी तिच्याकडे बघत राहिले. ती बोलली तेव्हा आवाज अगदी रोजचा होता. "ताई गेली तेव्हा तेरा वर्षं आणि सात महिन्यांची होती," ती म्हणाली. "तू आज चौदाची झालीस."

मग एकदम सगळं जागेवर आलं: वेणी, बांगडी, तुळस. त्या अंगणात मुलाला वाचवायला बायकांची अख्खी आळी पुढे आली असती. मला वाचवायला एकच बाई होती, आणि तिच्याजवळ त्या वेळी एका पावाशिवाय काही नव्हतं. त्यासाठी तिने आपली तुळस दिली, माझी पाच वर्षांची माया दिली, आणि बायकांचं भलतंच कौतुक निमूट ऐकून घेतलं. मी रडले. तिच्या मांडीवर डोकं घालून, लहान मुलीसारखी ओक्साबोक्शी रडले. माझी मला भयंकर लाज वाटत होती.

मी चौदा पूर्ण झाल्यावर बोहल्यावर चढले, म्हणजे त्या काळच्या मानाने म्हातारी होऊन. एका शाळामास्तरांशी, ज्यांना पावाचं काही वाटत नव्हतं. मला चार मुलं झाली आणि मी जिवंत आहे. माझा भाऊ आता कल्याणला मोठा गृहस्थ आहे आणि बाजारात पावाचं दुकान नको म्हणून अर्ज करणाऱ्यांत त्याची सही पहिली असते. मी त्याला काही म्हणत नाही. तो तेव्हा सहा वर्षांचा होता आणि त्याला भूक लागली होती.

त्या सकाळी माझं रडणं थांबल्यावर आईने पान माझ्याकडे सरकवलं. "खा," ती म्हणाली. "नाव तुझंच झालंय, चव तरी बघ."

मी एक तुकडा मोडला. तो शिळा होता आणि खरंच गोड नव्हता. मग आईने दाराकडे एकदा पाहिलं, पदराला हात पुसला, आणि एक तुकडा मोडून आपल्या तोंडात घातला.